कपड्याआडच्या पिस्तुलाची पारख

अमेरिकेत रोज कपड्याआड बाळगायचे पिस्तूल कसे पारखतात, याचा मी काही काळ अभ्यास करतो आहे. २०१८ साली आलेले सिग सावर पी-३६५ घ्या. रिकामे असताना वजन सुमारे अर्धा किलो, नळी ३.१ इंच; तरीही मुठीत बसणाऱ्या मॅगझिनमध्ये नऊ मिलिमीटरची दहा काडतुसे मावतात. लहान पिस्तूल सहज लपते. पण हलके असल्याने झटका जोराचा बसतो, आखूड मुठीवर करंगळी टेकत नाही आणि नेम ढळतो. पारख म्हणजे या ओढाताणीतली तडजोड.

तिच्यात धोका बाहेरून येणार, असे गृहीत असते. पण २०२१ साली अमेरिकेत बंदुकीच्या गोळीने झालेल्या ४८,८३० मृत्यूंपैकी २६,३२८ आत्महत्या होत्या. म्हणून पिस्तुलाइतकीच घरातली कुलूपबंद पेटीही पारखावी, असे मला वाटते.