विश्लेषण : उत्तरेची थंडी ते चाकणचा उन्हाळा… परतणाऱ्या कामगारांसाठी पहिला पंधरवडा धोक्याचा का?

होळी आटोपली की दानापूर, गोरखपूर, लखनौकडून पुण्याकडे येणाऱ्या गाड्या तुडुंब भरतात. गावी गेलेला कामगार चाकण, भोसरी, तळवडे, म्हाळुंगेच्या कारखान्यांत परततो. त्याच्यासोबत पहिल्यांदाच घर सोडणारी गावातली एक-दोन तरुण मुलेही येतात. हे सारे पोहोचतात ते पुण्याचा उन्हाळा चढत असताना. थंडीच्या प्रदेशातून उष्ण प्रदेशात येणाऱ्या शरीराला पहिले सात ते चौदा दिवस लागतात ते जुळवून घ्यायला. नेमक्या याच दिवसांत अनेकांना पूर्ण पाळी, जादा काम आणि पत्र्याच्या खोलीतील झोप यांना एकदम सामोरे जावे लागते. या धोक्याविषयी…

उत्तरेतील कामगार या पट्ट्यात कधीपासून?

पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे एमआयडीसी, अस्तित्वात आले आणि पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरीची शेते औद्योगिक वसाहती झाली. सुरुवातीचा कामगार प्रामुख्याने सातारा, सांगली, सोलापूर, मराठवाडा आणि खान्देशातून आला. १९९० नंतर कारखाने उत्तरेकडे, पुणे-नाशिक महामार्गाने चाकणकडे सरकले. १९९९ मध्ये बजाज, २००९ मध्ये फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझ यांचे प्रकल्प तेथे सुरू झाले. मोठ्या कंपन्यांमागोमाग सुटे भाग पुरवणारे शेकडो उद्योग आले. कायम नोकऱ्या घटल्या, कंत्राटी कामगार वाढला आणि त्यात उत्तर प्रदेश, बिहार, झारखंड, उत्तराखंड, तसेच नेपाळमधील तरुणांची भर पडत गेली. पिंपरी-चिंचवड महापालिका हद्दीची लोकसंख्या २००१ मध्ये सुमारे १० लाख होती. २०११ च्या जनगणनेत ती १७ लाख २७ हजारांवर गेली.

पुण्याची हवा सौम्य, मग उत्तरेतील माणसाला त्रास कसला?

हा प्रश्न रास्त आहे. पाटणा किंवा लखनौचा मे-जून पुण्यापेक्षा कडक असतो. पुण्यात एप्रिल हा सर्वांत उष्ण महिना, पण त्याचे सरासरी कमाल तापमान ३८ अंश सेल्सिअसच्या आसपास असते आणि रात्री बऱ्यापैकी गारवा असतो. त्यामुळे ‘यूपी-बिहारवाल्यांना उन्हाची सवय असते’ असे ठेकेदार आणि सुपरवायझर सहज म्हणून जातात.

मात्र ही सवय बारमाही नसते. जानेवारीत गंगेच्या मैदानात दाट धुके पडते, अनेक दिवस सूर्यदर्शन होत नाही आणि दिवसाचे तापमान २० अंशांच्याही खाली राहते. त्याच वेळी पुण्यात दुपारचा पारा ३० अंशांपर्यंत असतो. उत्तराखंडच्या डोंगराळ भागातून येणाऱ्यांसाठी तर फरक आणखी मोठा. अल्मोडा समुद्रसपाटीपासून सुमारे १,६०० मीटर उंचीवर आहे, तर पुणे साधारण ५६० मीटरवर. थंडीचे दोन महिने गावी काढून आलेल्या माणसाच्या शरीराने मागच्या उन्हाळ्यात कमावलेला सराव गमावलेला असतो.

शरीर उष्णतेला सरावते म्हणजे नेमके काय होते?

उष्ण हवेत रोज काही तास श्रम केले की शरीरात बदल घडू लागतात. घाम लवकर आणि जास्त सुटतो. घामावाटे जाणारे मीठ कमी होते. रक्तातील द्रवाचे प्रमाण वाढते, त्यामुळे त्याच कामासाठी हृदयाचे ठोके पूर्वीइतके वाढत नाहीत. शरीराचे आतील तापमान आटोक्यात राहते. यातील बहुतेक बदल पहिल्या आठवड्यात सुरू होतात आणि दोन आठवड्यांत बऱ्यापैकी पूर्ण होतात.

हा सराव टिकाऊ नसतो. उष्णतेपासून आठवडाभर किंवा त्याहून अधिक दूर राहिले, की तो लक्षणीय घटतो. महिनाभराच्या सुट्टीनंतर अनुभवी कामगारही जवळपास नव्याने आल्यासारखाच असतो. अमेरिकेतील कामगार सुरक्षा यंत्रणा ‘ओशा’च्या मते, उघड्यावरील कामात उष्णतेमुळे होणाऱ्या मृत्यूंपैकी ५० ते ७० टक्के मृत्यू उष्ण वातावरणातील कामाच्या पहिल्या काही दिवसांतच होतात. म्हणजे ऊन किती, याइतकेच कामगार किती दिवसांपूर्वी आला, हेही महत्त्वाचे ठरते.

होळीनंतरचेच परतणे अधिक जोखमीचे का?

उत्तरेतील कामगार वर्षातून साधारण दोनदा गावी जातो, दिवाळी-छठला आणि होळीला. छठहून परतणारा नोव्हेंबरमध्ये पुण्यात येतो. तेव्हा येथील हवा आल्हाददायक असते आणि शरीराला जुळवून घ्यायला पुढचे तीन-चार महिने मिळतात. होळीहून परतणाऱ्याला ही सवलत नसते. मार्चच्या उत्तरार्धात तो येतो आणि दोन-तीन आठवड्यांत एप्रिलचा कडाका सुरू होतो. शिवाय मार्चअखेर आर्थिक वर्ष संपत असल्याने अनेक कारखान्यांत उत्पादनाची घाई असते. सुट्टीमुळे मनुष्यबळ तुटलेले असते, त्यामुळे आलेल्याला लगेच लाइनवर उभे केले जाते. गावी झालेला खर्च भरून काढण्यासाठी कामगारही जादा कामाला नाही म्हणत नाही.

पत्र्याच्या खोलीचा यात काय संबंध?

चाकण परिसरातील नाणेकरवाडी, खराबवाडी, कुरुळी, निघोजे, म्हाळुंगे या गावांत शेतजमिनीवर भाड्याच्या खोल्यांच्या रांगा उभ्या राहिल्या. त्यांतील बऱ्याच खोल्यांना सिमेंटचा स्लॅब नाही, वर पत्रा आहे. एका खोलीत चार-पाच जण राहतात. भाडे वाटून घेतले जाते आणि पाळ्या वेगवेगळ्या असल्याने एकाची झोप संपली की दुसरा त्याच जागी आडवा होतो.

उन्हात तापलेला पत्रा खालच्या खोलीत दिवसभर उष्णता सोडत राहतो. छताला लावलेला पंखा तीच गरम हवा फिरवतो. दिवसपाळीच्या कामगाराला निदान रात्रीचा गारवा मिळतो. रात्रपाळी करून आलेला मात्र सकाळी नऊच्या सुमारास झोपतो आणि अकरा-बारापासून खोली तापू लागते. कामावरची उष्णता शरीरातून निघून जाण्याची वेळ झोपेची असते. तीच वेळ तप्त खोलीत गेली, तर कामगार थकवा अंगात घेऊनच पुढच्या पाळीला उभा राहतो. म्हणून रात्रपाळीला ऊन लागत नाही, हा समज अर्धवट आहे. हवामान खात्याचा पारा ३८ अंश दाखवत असला तरी या कामगाराचा उन्हाळा त्याच्या छताखाली ठरतो.

कोणत्या कामांत धोका अधिक?

फाउंड्री, फोर्जिंग, हीट ट्रीटमेंट, रबर मोल्डिंग, पेंट शॉपमधील भट्टीजवळचे काम यांत बाहेरच्या हवेपेक्षा यंत्राची उष्णता जास्त असते. माल चढवणे-उतरवणे आणि बांधकाम ही कामे थेट उन्हात होतात. वेल्डिंगमध्ये जाड संरक्षक कपडे घालावे लागतात, त्यामुळे घाम वाळत नाही. ही कामे बहुतांशी कंत्राटी कामगारांच्या वाट्याला येतात आणि नवा माणूस अनेकदा त्यांपासूनच सुरुवात करतो.

कायदा काय सांगतो?

कारखाने अधिनियम, १९४८ मध्ये कामाच्या जागी हवा खेळती ठेवणे, तापमान सुसह्य राखणे आणि पिण्याच्या पाण्याची सोय करणे मालकावर बंधनकारक होते. अडीचशेहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात उन्हाळ्यात गार पाणी देण्याची तरतूद होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि हा कायदा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यपरिस्थिती संहितेत समाविष्ट झाला. वायुवीजन, तापमान, आर्द्रता आणि पिण्याचे पाणी हे विषय या संहितेतही आहेत.

स्थलांतरितांसाठी महत्त्वाचा बदल व्याख्येचा आहे. १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यात ठेकेदाराने आणलेला कामगारच मोजला जाई. नव्या संहितेत ठरावीक वेतनमर्यादेत, स्वतःहून दुसऱ्या राज्यात येऊन नोकरी मिळवणाराही त्यात येतो. गावी जाण्या-येण्याच्या प्रवासभत्त्याची तरतूदही आहे. गाडीतून उतरल्या दिवशीच हजेरी लावण्याची घाई त्याने थोडी कमी होऊ शकते. मात्र नवागताला उष्णतेत टप्प्याटप्प्याने काम द्यावे, असे कायदा थेट सांगत नाही. ते कारखान्याच्या व्यवस्थापनावरच अवलंबून राहते.

आजारी पडल्यास काय?

महिना २१ हजार रुपयांपर्यंत वेतन असलेला कामगार राज्य कामगार विमा योजनेत, म्हणजे ईएसआयमध्ये, येतो. त्याच्या वेतनातून ०.७५ टक्के कापले जातात आणि मालक ३.२५ टक्के भरतो. या योजनेत उपचाराचा हक्क कामाच्या पहिल्या दिवसापासून असतो. चिंचवडच्या मोहननगर येथे या योजनेचे रुग्णालय आहे. आजारपणाच्या रजेतील रोख भत्त्यासाठी मात्र आधीच्या सहामाहीत किमान ७८ दिवसांची वर्गणी लागते. त्यामुळे नवख्या कामगाराला पहिल्या पंधरवड्यात उपचार मिळतो, पण बुडालेली रोजी मिळत नाही.

यातून एक घातक सवय तयार होते. गरगरते आहे, उलटी होते आहे, हे कामगार सांगत नाही. खाडा पडला तर हजेरी जाईल आणि ठेकेदार उद्या दुसऱ्याला घेईल, ही भीती असते. उष्णतेच्या आजारात मात्र पहिला अर्धा तासच सर्वांत मोलाचा असतो.

व्यवस्थापन आणि घरमालक काय करू शकतात?

अमेरिकेतील ‘नायॉश’ या संशोधन संस्थेचे सूत्र सोपे आहे. नव्या कामगाराला पहिल्या दिवशी उष्ण जागेतील काम २० टक्केच द्यावे आणि रोज २० टक्क्यांहून अधिक वाढवू नये. अनुभवी, पण सुट्टीहून परतलेल्याला पहिल्या दिवशी ५० टक्के, दुसऱ्या दिवशी ६०, तिसऱ्या दिवशी ८० आणि चौथ्या दिवशी पूर्ण काम द्यावे. उरलेल्या वेळेत त्याला पॅकिंग, तपासणी किंवा प्रशिक्षण देता येते. यासाठी नवी यंत्रसामग्री लागत नाही. हजेरीपुस्तकात परतल्याची तारीख नोंदवली तरी सुरुवात होते.

कामाच्या वेळी दर १५ ते २० मिनिटांनी पेलाभर पाणी प्यावे, तहान लागण्याची वाट पाहू नये. पाण्याची टाकी लाइनपासून लांब असेल तर पाणी पिणे टाळले जाते, म्हणून ती जवळ हवी. पहिल्या पंधरवड्यात जादा काम आणि रात्रपाळी टाळता आली तर उत्तम.

छताबाबत अहमदाबादचा अनुभव उपयोगी आहे. २०१३ मध्ये त्या शहराने देशातील पहिला उष्णता कृती आराखडा केला. पुढे तेथे वस्त्यांतील छतांना पांढरा लेप देण्याचे काम झाले. तेलंगणाने २०२३ मध्ये छते थंड ठेवण्याचे धोरणच जाहीर केले. पांढरे छत ऊन परतवते आणि खोलीचे तापमान काही अंशांनी उतरते. चाकणमधील घरमालकाला मार्चच्या सुरुवातीला पत्र्यावर पांढरा रंग मारणे, खाली थर्माकोल किंवा प्लायचे आच्छादन लावणे आणि भिंतीत वरच्या बाजूला झरोका ठेवणे सहज शक्य आहे.

धोक्याची लक्षणे कोणती?

डोकेदुखी, चक्कर, मळमळ, पायात गोळे, भरपूर घाम आणि अशक्तपणा ही सुरुवातीची लक्षणे. अशा वेळी काम थांबवून सावलीत बसवावे, पाणी आणि ओआरएस द्यावे. माणूस असंबद्ध बोलू लागला, तोल गेला, झटका आला किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात समजावा. शरीराचे तापमान ४० अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक झालेले असू शकते. घाम येत असला तरी उष्माघात असू शकतो. अशा वेळी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, पण तिची वाट पाहत बसू नये. कपडे सैल करून अंगावर भरपूर गार पाणी ओतावे, पंख्याची हवा द्यावी, मान, काख आणि जांघेत बर्फ ठेवावा. शुद्धीवर नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नये. चाकणच्या तळेगाव चौकात किंवा आंबेठाण चौकात वाहतूक कोंडीत अडकलेल्या रुग्णवाहिकेपेक्षा जागेवर ओतलेली पाण्याची बादली अनेकदा आधी जीव वाचवते.