गोळी मुलाची, सही पालकांची

मुलांना मनोविकारांची औषधं द्यावीत का, याला सरसकट उत्तर नाही. पण पॅरॉक्सेटीन या नैराश्यावरच्या औषधाचा इतिहास पालकांना माहीत हवा. अमेरिका-कॅनडातल्या 275 नैराश्यग्रस्त किशोरांवर झालेल्या ‘स्टडी 329’चे निष्कर्ष 2001मध्ये छापून आले : औषध गुणकारी, मुलांना मानवणारं. आत्महत्येचे विचार आणि प्रयत्न मात्र ‘भावनिक अस्थिरता’ अशा साळसूद नावाखाली नोंदवले होते. 2015मध्ये मूळ कागदपत्रं पुन्हा तपासली, तेव्हा औषध ना गुणकारी ठरलं, ना सुरक्षित. ही लपवाछपवी मला अक्षम्य वाटते.

2004मध्येच अमेरिकी औषध नियामकाने नैराश्यावरच्या औषधांवर चौकटीतला इशारा सक्तीचा केला. चाचण्यांमध्ये आत्महत्येचे विचार वा तसं वर्तन औषध घेणाऱ्या सुमारे 4 टक्के मुलांत दिसलं, औषध नसलेली गोळी घेणाऱ्या 2 टक्के मुलांत. आत्महत्या एकही नव्हती.

पण म्हणून घाबरून चालू गोळी परस्पर बंद करू नका. फ्लुऑक्सेटीनसारख्या औषधाचा काही मुलांना खरोखर उपयोग होतो. संमतीची सही आईवडिलांची असली, तरी मळमळ आणि उडालेली झोप मुलाच्या वाट्याला येते. गोळी कशासाठी, हे त्याला त्याच्या भाषेत सांगा. मूल ‘नको’ म्हणालं, तर कारण ऐकून घ्या. पहिल्या काही आठवड्यांत बेचैनी वाढली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.