डाग, गाठी आणि घाईचा निवाडा

अमरावतीच्या तपोवनात डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ साली कुष्ठरुग्णांसाठी वसाहत उभारली, त्यास आता पाऊणशेहून अधिक वर्षे लोटली; तथापि अंगावर गाठी दिसताच त्या माणसास महारोगी ठरवून मोकळे होण्याची खोड वऱ्हाडातून अद्याप समूळ गेलेली नाही.

सर्वांगावर मऊ, बटणासारख्या गाठी आणि लहानपणापासून कॉफीच्या रंगाचे सहा किंवा अधिक सपाट डाग असतील, तर ती व्याधी बहुधा न्यूरोफायब्रोमॅटोसिस असते. जर्मन शास्त्रज्ञ फॉन रेकलिंगहाउझेन यांनी १८८२ साली वर्णिलेली ही व्याधी सुमारे तीन हजारांत एकास होते, जंतूंपासून नव्हे तर जनुकातील बिघाडातून उद्भवते, आणि म्हणूनच स्पर्शाने कोणास लागत नाही. निम्म्या रुग्णांच्या आईबापांत तिचा मागमूसही नसतो. तेव्हा सोयरीक मोडताना घराण्यास दिलेले दूषण पुष्कळदा अज्ञानाचेच असते. कुष्ठरोगाची साक्ष निराळी: बधिर चट्टा, जाड झालेल्या नसा, कानाच्या पाळीतील द्रवात आढळणारे जंतू.

उलट प्रमादही घडतो. फिकट चट्टे पाहून कोणी कोड म्हणतो, कोणी गजकर्ण समजून वर्षानुवर्षे मलम चोळतो. पण ते मायकोसिस फंगॉइडिस, म्हणजे त्वचेत वावरणाऱ्या लसीकापेशींचा मंदगती कर्करोग, असू शकतात. अलिबर्ट या फ्रेंच वैद्याने १८०६ साली त्याची नोंद केली. या चट्ट्यांत संवेदना बहुधा शाबूत असते, आणि खात्री पटण्यास कधी कधी त्वचेचा तुकडा दोनतीनदा तपासावा लागतो. आरंभी निदान झाले तर अतिनील किरणांच्या उपचाराने व मलमांनी तो पुष्कळ काळ आटोक्यात राहतो.

‘सुरी लावली की गाठ पसरते’ हा समज मात्र सर्वांत घातक, कारण त्याच्यापायी रुग्ण तपासणीच टाळतो. तीनचार मिलिमीटरचा तुकडा काढल्याने त्वचेचा कर्करोग पसरतो, यास आधार नाही.

कुष्ठरोगही असाध्य नाही: सरकारी दवाखान्यात विनामूल्य मिळणारी औषधे प्रकारानुसार सहा किंवा बारा महिने घेतली की तो बरा होतो, आणि उपचार सुरू होताच संसर्गाचे भय झपाट्याने ओसरते. कुष्ठरुग्णांस अलग ठेवणारा १८९८ चा कायदा २०१६ साली रद्द झाला. २०१९ पासून हा रोग घटस्फोटाचे कारणही उरला नाही. कायद्याने सोडलेला हट्ट अमरावती-अकोल्याच्या कुटुंबांनीही सोडावा, आणि त्वचातज्ज्ञाचा लेखी अहवाल हाती येण्यापूर्वी कोणाची ताटवाटी वेगळी काढू नये.