फुकट मिळते ते विकत का घ्यावे?

संगणकावरील जुन्या खेळांविषयी वार्षिकांकासाठी लेख देते म्हटल्यावर आमच्या सरांनी चष्म्यावरून पाहिले आणि विचारले, "बरं, पण त्यात वाङ्मयीन काय असणार?" वाङ्मयीन काही नाही, हे आधीच कबूल करते. परंतु २०२५ च्या दिवाळीत मी आयुष्यात पहिल्यांदा एक गेम रोख पैसे मोजून विकत घेतला, तोही पंचवीस वर्षांपूर्वीचा, आणि ही वार्ता वर्गात पसरल्यापासून माझी जी थट्टा चालू झाली ती अजून थांबलेली नाही. "अगं, तो तर फुकट मिळतो की!" हे वाक्य मी निदान वीस जणांच्या तोंडून ऐकले असेल. वीस जणांना वीस वेळा उत्तर देण्यापेक्षा एकदाच काय ते लिहून टाकावे, म्हणून हा प्रपंच.

प्रथम थोडी पूर्वपीठिका. आमचे गाव जिंतूर तालुक्यातले. माझा थोरला भाऊ माझ्याहून अकरा वर्षांनी मोठा. तो शाळेत असताना तालुक्याच्या गावी एक नेट कॅफे होता. तिथे प्लायवुडच्या खोपट्यांत बसून पोरे ‘आय.जी.आय.’ खेळत. मुलींनी तिकडे फिरकायचे नाही, हा न लिहिलेला नियम. पुढे दादाच्या हट्टापायी घरी एक जुळवलेला संगणक आला आणि त्याबरोबर कॅफेवाल्याने कॉपी करून दिलेली एक सीडी. तिच्यावर काळ्या मार्करने तीनच अक्षरे लिहिलेली होती. त्या वेळी मी पहिलीत. दादाच्या खुर्चीमागे उभे राहून ‘डावीकडे माणूस आहे’ असे ओरडणे एवढेच माझे काम.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते : ‘प्रोजेक्ट आय.जी.आय.’ हा नॉर्वेतील इनरलूप स्टुडिओज या कंपनीचा गेम, डिसेंबर २००० मध्ये बाजारात आलेला. डेव्हिड जोन्स नावाचा हेर एकटाच शत्रूच्या तळात शिरतो, पहिली मोहीम रेल्वेच्या यार्डात. यातली मेख अशी की, मोहीम अर्धी झाली असताना ‘इथवर आलो’ अशी नोंद ठेवण्याची सोयच नाही. मेलात की पुन्हा पहिल्यापासून. आमच्याकडे मरण्यासाठी शत्रूचीही गरज नसे. भारनियमनाची वेळ झाली की जोन्ससाहेब आपोआप खलास! दादा कपाळावर हात मारी आणि आई म्हणे, "बरं झालं, आता जेवायला या."

कालांतराने संगणक भंगारात गेला. सीडीवर इतके ओरखडे पडले होते की ती कुठेच चालेना. वडिलांनी ती दोऱ्याला बांधून शेतात, हुरड्याला आलेल्या ज्वारीत पाखरे हाकलायला लटकावली. दादा चाकणला नोकरीला लागला. गेम संपला.

आता मूळ मुद्दा. विकत घेतलेली वस्तू आपली होते असे आपण समजतो. पुस्तक घेतले की ते आपल्या फळीवर राहते. प्रकाशक मेला, दुकान बुडाले, तरी पुस्तक उघडते. संगणकाच्या गेमांचे तसे नाही, कारण त्यांना कुलूप लावलेले असते. या कुलपाला इंग्रजीत ‘डिजिटल राइट्स मॅनेजमेंट’ असे भारदस्त नाव आहे, थोडक्यात डी.आर.एम. गेमची चोरटी प्रत निघू नये हा त्याचा हेतू, आणि हेतू काही वाईट नाही. वाईट आहे ते पुढचे.

ही कुलपे पूर्वी गमतीची होती. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ (१९८९) पुष्कळांनी खेळला असेल. त्यात पहिला टप्पा ओलांडल्यावर राजपुत्र अक्षरे लिहिलेल्या औषधाच्या कुप्यांनी भरलेल्या दालनात येतो. खोक्यातून मिळालेल्या माहितीपुस्तिकेतल्या अमुक पानावरचा, अमुक ओळीतला शब्द पाहून त्याच्या पहिल्या अक्षराची कुपी प्यायची. पुस्तिका नसेल तर पुढे वाट नाही. नंतर कुलूप सीडीत आले. मूळ सीडीवर मुद्दाम अशा खुणा ठेवीत की ज्यांची साध्या यंत्रावर नक्कल होत नसे, आणि ती सीडी आत असल्याखेरीज गेम उघडत नसे. ‘सेफडिस्क’ हे त्यातले एक नामांकित कुलूप. त्याचा एक भाग विंडोजच्या पार पोटात जाऊन बसे. २०१५ मध्ये विंडोज १० आली तेव्हा मायक्रोसॉफ्टने सुरक्षिततेच्या कारणाने त्या भागाला थारा दिला नाही. परिणाम असा की, ज्यांनी प्रामाणिकपणे दुकानातून खोके आणले होते त्यांचे गेम बंद पडले आणि ज्यांनी कुलूप फोडलेली चोरटी प्रत ठेवली होती त्यांचे चालू राहिले. प्रामाणिकपणाला इतकी सरळ शिक्षा क्वचितच झाली असेल.

हे कुलूप म्हणजे काय, ते मला गेमांमुळे नव्हे, मामांमुळे कळले. मामांचे परभणीत स्टेशन रोडला लग्नपत्रिका आणि हँडबिले जुळवण्याचे दुकान आहे. पूर्वी मराठी अक्षरे उमटवणाऱ्या प्रोग्रामबरोबर एक अंगठ्याएवढी चिपटी डबी येई. ती संगणकाच्या मागे खोचल्याशिवाय अक्षरे निघत नसत. तिला सगळे ‘डोंगल’ म्हणत. ऐन लग्नसराईत वीज वरखाली झाली आणि ती डबी जळाली. प्रोग्राम विकत घेतल्याची पावती हातात, संगणक ठणठणीत, ऑपरेटर बसलेला, पण ‘श्री’ काही उमटेना! नवी डबी यायला आठ दिवस लागतील असे सांगण्यात आले. मामांनी त्या आठ दिवसांत काय काय भोगले ते इथे लिहीत नाही. तीन वरपित्यांनी त्यांना जे ऐकवले ते वार्षिकांकात छापण्याजोगे नाही. तात्पर्य, पैसे मोजून घेतलेल्या वस्तूची किल्ली दुसऱ्याच्या हाती असली की काय होते, हे आमच्या घराण्याला पुरते ठाऊक आहे.

आता तर किल्ली डबीतही नसते. ती परदेशातल्या एखाद्या संगणकात असते. युबिसॉफ्ट कंपनीचा ‘द क्रू’ हा मोटारींच्या शर्यतीचा गेम २०१४ मध्ये आला. एकट्याने खेळायचा म्हटला तरी कंपनीच्या सर्व्हरशी सतत जोडलेले राहावे लागे. ३१ मार्च २०२४ रोजी कंपनीने सर्व्हर बंद केला आणि ज्यांनी ज्यांनी तो विकत घेतला होता त्या सर्वांचा गेम त्या दिवशी निकालात निघाला. त्यातून युरोपात ‘गेम मारू नका’ अशा अर्थाची एक चळवळच उभी राहिली आणि २०२५ मध्ये तिच्या मागणीपत्रावरील सह्या दहा लाखांच्या वर गेल्या. साहित्याच्या प्राध्यापकांना हा पोरखेळ वाटत असेल तर त्यांच्या प्रांतातले उदाहरण देते. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉनने ग्राहकांनी विकत घेतलेले एक पुस्तक त्यांच्या ‘किंडल’ यंत्रांतून परस्पर काढून घेतले, कारण विकणाऱ्याकडे हक्क नव्हते असे नंतर निघाले. पैसे परत दिले, पण एका विद्यार्थ्याने त्यावर केलेली टिपणे निरुपयोगी झाली. पुस्तक कोणते? जॉर्ज ऑर्वेलचे ‘नाइन्टीन एटी-फोर’! असा योगायोग कादंबरीत घातला असता तर सरांनी ‘कृत्रिम’ म्हणून लाल रेघ मारली असती.

कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून असा कायदाच लागू झाला आहे की, जे दुकान नुसता वापराचा परवाना देते त्याने ते ग्राहकाला स्पष्ट सांगावे. उगाच ‘विकत घ्या’ असे बटण दाखवून फसवू नये. मात्र ज्याची प्रत ग्राहकाला कायमची उतरवून घेता येते, इंटरनेटविना वापरता येते, त्याला ही सक्ती नाही. ही जी सूट आहे, तीत बसणारी दुकाने म्हणजेच कुलूप नसलेली दुकाने.

त्यांपैकी सर्वांत नावाजलेले दुकान पोलंडमधले, आणि त्याची जन्मकथा आपल्याकडची वाटावी अशी आहे. पोलंडमध्ये कम्युनिस्ट राजवट संपली तेव्हा गेम अधिकृतपणे मिळतच नसत. बाजारात राजरोस नकला विकल्या जात. वॉर्सातील मार्चिन इव्हिन्स्की आणि मिखाल किचिन्स्की या शाळासोबत्यांनी १९९४ मध्ये ‘सी.डी. प्रोजेक्ट’ ही कंपनी काढली आणि परदेशी गेम रीतसर आणून विकायला सुरुवात केली. फुकट मिळते ते विकत कोण घेणार, हा माझ्या वर्गमित्रांचा प्रश्न त्यांच्यापुढेही होता. त्यांनी नकलांशी भांडण्याऐवजी मूळ वस्तूच अधिक देखणी केली. १९९९ मध्ये ‘बाल्डर्स गेट’ हा गेम त्यांनी नामवंत पोलिश नटांचे आवाज देऊन, सोबत जुन्या धाटणीचा नकाशा, पुस्तक आणि संगीताची सीडी घालून विकला. पहिल्याच दिवशी १८,००० खोकी गेली. जिथे नक्कल करणे हाच रिवाज होता तिथे!

याच मंडळींनी २००८ मध्ये ‘गुड ओल्ड गेम्स’ हे इंटरनेटवरचे दुकान उघडले. पुढे ते जी.ओ.जी. या आद्याक्षरांनीच प्रसिद्ध झाले. रीत साधी. बहुतेक जुन्या गेमांना सहा नाहीतर दहा डॉलरच्या आतबाहेर किंमत, आणि कुलूप नाही. पैसे भरले की गेम बसवण्याची फाइल उतरवून घ्यायची. पेन ड्राइव्हवर ठेवा, सीडीवर ठेवा, पुन्हा दुकानाचे तोंड पाहू नका. गेम आजच्या विंडोजवर चालेल इतपत डागडुजी त्यांनीच केलेली. फार जुने गेम असतील तर ‘डॉसबॉक्स’ नावाचा एक मोफत प्रोग्राम आत घातलेला असतो. तो नव्या संगणकात जुन्या डॉस संगणकाचे सोंग इतके बेमालूम वठवतो की बिचाऱ्या गेमला आपण १९९० सालीच आहोत असे वाटते. शिवाय मूळ पुस्तिका, नकाशे, कधी संगीत.

माझ्या मते त्यांची खरी मेहनत निराळीच आहे : मालक शोधणे. कंपन्या बुडतात, विकल्या जातात, आणि गेमचे हक्क कुणाच्या कपाटात पडले आहेत ते कुणालाच माहीत नसते. ‘सिस्टम शॉक २’ हा १९९९ चा वाखाणलेला गेम. तो रचणारी लुकिंग ग्लास ही कंपनी २००० मध्ये बंद पडली आणि हक्क जाऊन पोचले एका विमा कंपनीकडे! अमेरिकेतल्या स्टीफन किक या गृहस्थाने पत्रव्यवहार करून तिला गाठले, परवानगी मिळवली, आणि २०१३ मध्ये तो गेम या दुकानात पुन्हा विक्रीला आला. आपल्याकडे वतनाच्या जमिनीचे वारस शोधताना तलाठी कार्यालयात जो प्रकार चालतो, त्याच जातीचे हे काम. अमेरिकेत २०२३ मध्ये ‘व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन’ने केलेल्या पाहणीत, २०१० पूर्वीच्या गेमांपैकी ८७ टक्के बाजारात कुठेच उपलब्ध नाहीत असे आढळले. आमच्या लहानपणीचा ‘रोड रॅश’ मी विकत घ्यायला निघाले, तर अधिकृत दुकानांत मला तो सापडलाच नाही.

या दुकानाने एकदा अतिशहाणपणाही केला. सप्टेंबर २०१० मध्ये संकेतस्थळावर एकाएकी बंद झाल्याची सूचना झळकली. ग्राहक हवालदिल. चार दिवसांनी कळले की ही नव्या रूपातल्या दुकानाची जाहिरात होती. चालक मंडळींनी संन्याशांचे वेष घालून माफी मागितली. विनोद मला तरी आवडला नाही. पण त्या चार दिवसांत एक गोष्ट आपोआप सिद्ध झाली. ज्यांनी आपल्या फाइली आधी उतरवून ठेवल्या होत्या ते खुशाल खेळत बसले होते.

दोषही सांगितले पाहिजेत. हे दुकानसुद्धा कागदोपत्री परवानाच देते; पुस्तकासारखा गेम पुढे विकता येत नाही. फाइल उतरवून घेण्याचा आळस केला तर कुलूप नसून उपयोग नाही. आणि माझे सगळेच पैसे मूळ कारागिरांना पोचले असे मी म्हणणार नाही, कारण इनरलूप तर २००३ मध्येच बंद पडली. पण चोरट्या प्रतीबरोबर येणारे व्हायरस नाहीत, ‘क्रॅक’ शोधत दहा अनोळखी दारे ठोठावणे नाही. आपल्या कॉपीराइट कायद्याच्या ५२ व्या कलमाने प्रोग्रामच्या रीतसर धारकाला नुकसानीपासून बचावापुरती राखीव प्रत करण्याची मुभा दिली आहे. कुलूप असले की ही मुभा कागदावरच राहते. इथे ती हातात येते.

मामांच्या दुकानात संध्याकाळी टायपिंग करून साठवलेल्या पैशांतून, बँकेत परदेशी व्यवहार चालू करून घेऊन, मी ‘आय.जी.आय.’ घेतला. खर्च दोन सिनेमांच्या तिकिटांएवढा. एक प्रत लॅपटॉपवर, एक पेन ड्राइव्हवर, आणि एक पेन ड्राइव्ह आईने सातबाऱ्याच्या पिशवीत घालून पेटीत ठेवला. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी दादाला काही न सांगता लॅपटॉप पुढे केला. गावात नेटवर्क नव्हते; गरजही पडली नाही. दादा रेल्वे यार्डात सात वेळा मेला. आठव्यांदा मी खुर्चीवर बसले आणि तो मागे उभा राहून ओरडू लागला.

भाऊबिजेला दादाचा जुना कॅफेतला मित्र आला. तासभर खेळल्यावर म्हणाला, "ताई, मला पण दे की पेन ड्राइव्हवर. कुलूप तर नाहीच म्हणतेस." या प्रश्नाची मला भीतीच होती. ज्या दुकानाने माझ्यावर पाळत ठेवली नाही, त्याच्या मागे मी काय करावे? दिले असते तर कुणालाही कळले नसते. मी दादाकडे पाहिले. दादा म्हणाला, "इथं बसून पाहिजे तेवढं खेळ. घरी न्यायचा तर विकत घे. महाग नाही."

"विकत?" तो मित्र मोठ्याने हसला. मग थोड्या वेळाने, चहा संपल्यावर, त्याने हळूच विचारले, "त्याला कार्ड कोणतं लागतं गं?"