कुद्रेमुखची खाण कशी थांबली

चिकमगळूर जिल्ह्यातल्या कुद्रेमुखच्या डोंगररांगेत लोहखनिजाचे मोठे साठे आहेत. याच रांगेतल्या गंगामूळला तुंगा, भद्रा आणि नेत्रावती या तीन नद्या उगम पावतात. केंद्र सरकारने 1976 मध्ये इथे ‘कुद्रेमुख आयर्न ओअर कंपनी’ काढली ती इराणला खनिज पुरवण्यासाठी. इराणात क्रांती झाली आणि गिऱ्हाईक गेले, पण खाण चालूच राहिली. पुढे 1987 मध्ये हा परिसर राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर झाला. सिंहपुच्छ वानरांचे अधिवासक्षेत्र आणि खनिजाचे उत्खनन अशी दोन्ही एकाच डोंगरात नांदू लागली.

खाणपट्टा 4,604 हेक्टरांचा होता. त्याची मुदत 1999 मध्ये संपली. त्यानंतर तात्पुरत्या मुदतवाढींवर काम सुरू राहिले. नेमक्या याच कच्च्या दुव्यावर ‘वाइल्डलाइफ फर्स्ट’ या संस्थेने बोट ठेवले. संस्था आणि कंपनी, दोघांची मुख्यालये बेंगळुरूत. लढाई मात्र दिल्लीत झाली.

त्यासाठी नवा दावा लावण्याची गरज पडली नाही. निलगिरीच्या जंगलतोडीवरून 1995 मध्ये दाखल झालेली गोदावर्मन यांची याचिका सर्वोच्च न्यायालयाने निकाली न काढता खुली ठेवली होती. देशातल्या कोणत्याही जंगलाचा प्रश्न तिच्यात अर्ज करून मांडता येई. संस्थेने 2001 मध्ये तोच मार्ग धरला. वनजमीन वनेतर कामाला वापरायची तर 1980 च्या वनसंवर्धन कायद्याप्रमाणे केंद्राची पूर्वपरवानगी लागते, आणि राष्ट्रीय उद्यानातल्या अधिवासाला वन्यजीव कायद्याचे संरक्षण असते, हे दोन मुद्दे मध्यवर्ती होते.

कायद्याखेरीज दुसरा आधार गाळाचा. धो धो पावसाच्या या मुलखात उघडी पडलेली माती थेट भद्रेत उतरते. नदीच्या पाणलोटाचा अगदी छोटा हिस्सा खाणीखाली असूनही गाळातला निम्म्याहून अधिक वाटा तिचा असल्याचे शास्त्रज्ञांच्या मोजणीत आढळले. अशा खटल्यांत भावनेपेक्षा मोजमाप कामी येते.

30 ऑक्टोबर 2002 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. केंद्राच्या वन सल्लागार समितीनेच खाण 2005 अखेर आवरती घ्यावी असे सुचवले होते. न्यायालयाने ती शिफारस बंधनकारक केली. म्हणजे न्यायालयाने नवा कायदा केला नाही, असलेला पाळायला लावला. कामगारांचा आणि गुंतवणुकीचा विचार करून तीन वर्षांची सवड मिळाली. 31 डिसेंबर 2005 रोजी उत्खनन थांबले. लख्या धरणामागे साठलेला खाणीचा गाळ मात्र तिथेच राहिला.

न्यायालयामार्फत निसर्ग राखण्याचा हाच मार्ग समुद्रकाठी मुंबईत दिसतो. ‘बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल अ‍ॅक्शन ग्रुप’च्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2005 मध्ये राज्यभर कांदळवनांची तोड, त्यांवर राडारोडा टाकणे आणि भोवतालच्या 50 मीटरांतले बांधकाम रोखले. सप्टेंबर 2018 च्या अंतिम निकालात तर कांदळवनांचा नाश म्हणजे नागरिकांच्या जगण्याच्या हक्काचा भंग ठरला. तरीही एक दार उघडे राहिले: सार्वजनिक हिताचे काम असेल तर न्यायालयाच्या परवानगीने तोड करता येते. मुंबई–अहमदाबाद बुलेट ट्रेनसाठी कांदळवनांतली सुमारे 22 हजार झाडे तोडायला उच्च न्यायालयाने डिसेंबर 2022 मध्ये याच दाराने परवानगी दिली.