पोपटी लावताना

भात कापून झालं तरी रायगड जिल्ह्यातलं शेत रिकामं राहत नाही. खाचरातली ओल जिरायच्या आत तिथे वाल पेरला जातो. जमिनीत उरलेला ओलावा आणि हिवाळ्यातलं दव, एवढ्यावर तो वाढतो आणि डिसेंबर सरता सरता शेंगांनी लगडतो. त्याच सुमारास अलिबाग, पेण, रोहा, मुरूड या भागांत मित्रमंडळींमध्ये विचारणा सुरू होते : यंदा पोपटी कधी लावायची?

वालाच्या शेंगा आणि सोबत जे जमेल ते मडक्यात भरायचं, मडकं उपडं घालायचं आणि भोवती जाळ करून आतलं सगळं भाजायचं, ही पोपटी. ती एकट्यासाठी कुणी लावत नाही. शेंगा एकाच्या शेतातल्या, मडकं दुसऱ्याच्या घरचं, कोंबडी तिसऱ्याने आणलेली, पेंढा चौथ्याच्या माळ्यावरचा. यजमान कोण आणि पाहुणा कोण, हे सांगता येत नाही. पोपटीची निम्मी गोडी त्यातच आहे.

अलिबागजवळच्या एका गावात जानेवारीतल्या एका शनिवारी असाच एक गट जमलेला. त्यात शाळेतले एक मास्तर आहेत, एक टेम्पोवाला आहे, भावकीतल्या दोघी वहिनी आहेत आणि मुंबईत नोकरी करणारे दोघे दुपारच्या लाँचने मांडव्याला उतरून आलेले आहेत. उन्हं कलायला लागली तशी पहिली मोहीम निघते ती भांबुर्ड्याची. पावसाळ्यानंतर बांधांवर, पडीक रानात आपोआप उगवणारं हे झुडूप. एरवी त्याच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. पान चुरगळलं की उग्र, औषधी म्हणावा असा वास येतो. पोपटीला तिचा खास स्वाद मिळतो तो याच पाल्यामुळे. दोन वेंगा भरून पाला येतो, तोवर अंगणात शेंगा निवडून झालेल्या असतात. कोवळ्या शेंगा बाजूला, किडक्या बाजूला. मडक्यात जातात त्या दाणा भरलेल्या, पण जून न झालेल्या.

मडकं भरायचं काम मात्र जाणत्या हाताकडे. तळाशी भांबुर्ड्याचा जाड थर, म्हणजे खालचं करपत नाही. त्यावर धुतलेल्या शेंगा, अख्ख्याच, सालासकट. वरून मूठभर जाडं मीठ आणि हातावर चोळलेला ओवा. वाल पोटाला जड, म्हणून ओवा हवाच. मग बटाटे, रताळी, कांदे, छोटी वांगी. आलं, लसूण, हिरवी मिरची आणि कोथिंबिरीचं वाटण लावून मुरवलेली कोंबडी केळीच्या पानात बांधून मधोमध ठेवली जाते. अंडीही मधेच, शेंगांच्या गादीत. मडक्याच्या भिंतीला टेकली तर तडकतात. पुन्हा शेंगा, पुन्हा मीठ-ओवा, आणि शेवटी तोंडाशी भांबुर्ड्याचा बोळा इतका दाबून बसवायचा की मडकं उलटं केलं तरी आतलं काही हलता कामा नये.

तेलाचा थेंब नाही, पाण्याचा थेंब नाही. शेंगांतला आणि पाल्यातला ओलावाच वाफ होऊन आत कोंडतो आणि त्यावर सगळं शिजतं. मडकं उपडं घालण्यामागे हाच हिशोब आहे. तोंड जमिनीला टेकलेलं असल्याने पाल्याचा बोळा जळत नाही, वाफ बाहेर पडायला वाव राहत नाही आणि जाळ तिन्ही-चारी बाजूंनी आणि वरून मडक्याला वेढतो.

पेंढा, वाळक्या झावळ्या, काटक्या, गोवऱ्या रचून जाळ पेटतो. आता अर्धा ते पाऊण तास. हा वेळ मोकळा वाटला तरी जाळाकडे लक्ष ठेवावं लागतं. खाडीकडून वारा सुटला की आग एका अंगाला झुकते. मग दुसऱ्या अंगाला काटक्या सरकवायच्या. मास्तर काठीने निखारे ओढतात, टेम्पोवाला पेंढा घालतो, मुलं भोवती नाचतात आणि वर्षभरात झालेल्या लग्नांच्या, भांडणांच्या, नोकऱ्यांच्या गोष्टी निघतात. मुंबईकरांचे फोन केव्हाच खिशात गेलेले असतात. वाटणाचे हात धुवायलाही कुणाला सवड नाही.

पोपटी झाली हे घड्याळ सांगत नाही. आधी वास सुटतो. मग कुणीतरी ओंजळभर पाणी घेऊन तापलेल्या मडक्यावर शिंपडतं. चर्र आवाज होऊन पाणी क्षणात उडालं की झालं. घाई करून भागत नाही, कारण वाल कच्चा राहिला तर बाधतो. ओल्या गोणपाटाने धरून मडकं बाहेर काढतात, बोळा ओढतात आणि सगळं केळीच्या पानांवर ओततात. वाफेचा लोट उठतो. हिरव्या शेंगा शेवाळी झालेल्या, रताळ्यांतून चिकट गोड रस सुटलेला, कोंबडीच्या पानाची घडी काळपट. ताटं नाहीत, वाढप नाही. शेंग दातांत धरून ओढायची, दाणे तोंडात, साल बाजूला. एकाच पानावर दहा हात फिरतात आणि अंड्याचा चांगला अर्धा भाग शेजाऱ्यापुढे सरकवला जातो.

हिवाळा आणि शेतातलं ताजं पीक एकत्र आलं की माणसं जाळाभोवती जमतात, हे कोकणापुरतं नाही. सोलापूर, नगरकडे ज्वारी हुरड्यात आली की आगटीभोवती बैठक बसते आणि चोळलेला गरम हुरडा चटणी, गुळासोबत हातोहात संपतो. गुजरातेत वलसाडच्या पट्ट्यात पापडी आणि कंद रानपाल्यासोबत मडक्यात भरून, मडकं असंच उपडं घालून उबाडियूं करतात. तिथे हायवेवर त्याचे स्टॉल लागतात.

आता अलिबाग परिसरातल्या रिसॉर्टांतही पोपटी मिळते. ऑर्डर दिली की तयार पान समोर येतं. शेतकऱ्याच्या शेंगांना आणि कुंभाराच्या मडक्यांना त्यामुळे गिऱ्हाईक मिळालं, हे चांगलंच झालं. तरीही खुर्चीत बसून खाल्लेली पोपटी म्हणजे नुसत्या भाजलेल्या शेंगा. पाला खुडून, शेंगा निवडून, धुराने डोळे चुरचुरल्यावर मित्रांसोबत खाल्लेली पोपटी तिच्याहून कितीतरी सरस लागते. भूक तर त्याला कारण आहेच, आणि त्या मडक्यात प्रत्येकाचं काहीतरी गेलेलं असतं हेही आहे.

वालाच्या ओल्या शेंगा साधारण फेब्रुवारीपर्यंत मिळतात. रायगडात कुणी मित्र असेल तर त्याआधी त्याला फोन करा. जाताना हात हलवत जाऊ नका, डझनभर अंडी, दोन किलो रताळी, काहीतरी न्या. आणि उजेड असेपर्यंत पोहोचा. अंधारात भांबुर्डा ओळखता येत नाही.