जोर लावायचा नाही

"बाबा, यंदा काय पेरणार?"

"सोयाबीन. दुसरं काय पेरतोय आता?"

मी टेबलाच्या डोक्याशी, भुलीच्या मशीनजवळ स्टुलावर बसले आहे. पाठीतून भूल दिल्यामुळे बाबांचं कमरेखालचं अंग बधिर आहे, वरचा माणूस मात्र पुरता जागा आहे. हिरव्या पडद्यापलीकडे त्यांची प्रोस्टेट दुर्बिणीतून तासली जाते आहे. त्यांच्याशी बोलत राहणं हा माझ्या कामाचाच भाग. आज मोनोपोलर करंट आहे, त्यामुळे आत सोडलेलं पाणी सलाइनचं नाही, ग्लायसीनचं आहे. तासताना उघड्या पडलेल्या शिरांतून ते रक्तात जास्त गेलं की सोडियम उतरतं, माणूस जांभया द्यायला लागतो, बेचैन होतो, भलतंच बोलतो. बियाण्याचा आणि खताचा हिशेब सरळ चालला आहे तोवर ठीक. घड्याळावर मात्र माझी नजर आहे. तासाच्या आत हे काम आटपायला हवं.

पडद्यापलीकडे ती बसली आहे, एमसीएच युरॉलॉजीची दुसऱ्या वर्षाची रेसिडेंट. डोळे मॉनिटरवर, पाय पेडलांवर, हातात रिसेक्टोस्कोप. तारेचं बारीकसं अर्धवर्तुळ पुढे सरकतं, पिवळं पेडल दाबलं जातं आणि मागे येताना प्रोस्टेटची एक चकती सुटून पाण्यात तरंगते. रक्त येतं, मॉनिटर लाल होतो. ती थांबते, रक्ताची धार कुठून येते ते शोधते, निळं पेडल दाबून ती शीर शेकते. पाणी पुन्हा नितळ होतं.

तिचे सर मागे उभे आहेत, हात पाठीशी बांधून.

"व्हेरू दाखव."

ती दुर्बीण मागे घेते. मॉनिटरवर खालच्या बाजूला लहानसा उंचवटा दिसतो. युरॉलॉजीत ह्या उंचवट्याइतकी महत्त्वाची खूण दुसरी नसेल. त्याच्या लगेच पलीकडे लघवी धरून ठेवणारा स्नायू आहे. तार तिथे गेली तर माणसाची अडलेली लघवी सुटेल आणि मग आयुष्यभर गळतच राहील. उंचवट्याच्या कडेला प्रोस्टेटचा थोडा भाग अजून शिल्लक दिसतो आहे.

"सर, एवढं घेऊ का?"

"तुला काय वाटतं?"

ती दुर्बीण थोडी आत नेते, पुन्हा मागे आणते, बघते.

"राहू दे."

सर काही म्हणत नाहीत. ह्या विभागात काही न म्हणणं ही शाबासकी असते. पाण्याने धुऊन चकत्या बाहेर काढल्या जातात, तीन तोंडांची जाड नळी बसते. बाबा विचारतात, "झालं का?" बरोबर वेळी विचारतात, म्हणजे डोकं ठिकाणावर आहे.

भूलतज्ज्ञ म्हणून मी पुष्कळ सर्जनांचे हात डोक्याकडच्या बाजूने बघितले आहेत. भराभर कापणारे हात विरळा नाहीत. कुठे थांबायचं हे ज्यांना कळतं, ते हात घडवायला वर्षं जातात, आणि ती वर्षं कुठे जातात हे बाहेरच्या माणसाला दिसत नाही.

दोन ऑपरेशनांच्या मध्ये चहा येतो. ती कप हातात घेऊन भिंतीला टेकते. बारावीनंतर साडेचार वर्षं एमबीबीएस, एक वर्ष इंटर्नशिप, मग बॉण्डचं वर्ष ग्रामीण रुग्णालयात. नीट-पीजी. तीन वर्षं एमएस जनरल सर्जरी. त्यात अपेंडिक्स, हर्निया, मधुमेहाचे सडलेले पाय, अपघातात फुटलेली पोटं. पुन्हा बॉण्ड. मग नीट-एसएस आणि आता ही तीन वर्षं. वय एकतीस. गावाकडून फोन आला की आई विचारते, "आता कितवी राहिली?" ती दहावीपर्यंत शिकलेली आहे, तिला इयत्तेचीच भाषा येते, आणि तिचा प्रश्न अगदी रास्त आहे.

एमसीएचचं पहिलं वर्ष नळ्यांचं असतं. लघवीची नळी घालणं, बदलणं, तुंबली तर धुणं, सोनोग्राफीवर बघत पाठीतून किडनीत सुई घालून नळी सोडणं, दुर्बिणीतून डीजे स्टेंट टाकणं. नळीचा आकार फ्रेंच मापात मोजतात. तीन फ्रेंच म्हणजे एक मिलिमीटर. कोणाला किती फ्रेंच लागेल हे पहिल्या वर्षाच्या अखेरीस बोटांना कळायला लागतं. दुसऱ्या वर्षी हातात दुर्बीण येते, ती मूत्रवाहिनीत जाते, खडा लेझरने फोडायचा असतो. सी-आर्मच्या क्ष-किरणांत पाठीतून किडनीच्या नेमक्या कप्प्यात सुई न्यायची असते, आणि त्यासाठी अंगावर शिशाचा जड एप्रन घालून तासन्‌तास उभं राहायचं असतं. तिसऱ्या वर्षी मोठी ऑपरेशनं, किडनी प्रत्यारोपण. हे सगळं पुस्तकात आहे, पण पुस्तकातून हातात येत नाही. सर एके दिवशी दुर्बीण देतात, दोन मिनिटांनी काढून घेतात. पुढच्या महिन्यात पाच मिनिटं ठेवतात. बढती अशीच होते. तिचा कागद कुठे निघत नाही.

"पुढे काय करायचं ठरवलंयस?" मी विचारते.

"रिकन्स्ट्रक्टिव्ह. पुण्यात फेलोशिप मिळाली तर."

पुण्याच्या डॉ. संजय कुलकर्णी यांनी मूत्रमार्गाच्या दुरुस्तीची जी पद्धत २००९ मध्ये मांडली, ती जगभरचे युरॉलॉजिस्ट त्यांच्या नावाने ओळखतात. अरुंद झालेला मूत्रमार्ग एकाच बाजूने सोडवायचा, दुसऱ्या बाजूचा रक्तपुरवठा शाबूत ठेवायचा आणि गालाच्या आतलं अस्तर घेऊन तो रुंद करायचा. त्यामुळे आमच्याकडे लघवी अडलेल्या माणसाला आधी तोंड उघडायला सांगतात. गुटख्याने गाल आतून पांढरे, चिवट झालेले असले तर तिचा चेहरा पडतो. ज्या अस्तरावर दुरुस्ती व्हायची, तेच माणसाने गमावलेलं असतं.

चहा अर्धा राहतो. जन आरोग्य योजनेच्या डेस्कवरून फोन आहे: उद्याच्या मुतखड्याच्या रुग्णाची मंजुरी अडली आहे, सीटी स्कॅनची फिल्म नीट दिसत नाही. ती फिल्म खिडकीला धरून पुन्हा फोटो काढते, पाठवते. हेही रेसिडेंटचंच काम. एका हाताने हे चालू असताना दुसऱ्या हाताने ती एक लांबट रजिस्टर उघडते. ज्यांच्या पोटात स्टेंट आहे त्यांची नावं, गावं, दोन-दोन फोन नंबर, आणि नळी काढायची तारीख. खडा काढल्यावर दुखायचं थांबतं, माणूस गावी जातो, आतली नळी विसरतो. साधारण तीन महिन्यांपलीकडे तिच्यावरच खडे जमायला लागतात. वर्षं लोटली तर ती तुटते, किडनी जाते. मला विचाराल तर ह्या विभागातली सगळ्यात मोलाची वस्तू लेझर नाही, हे रजिस्टर आहे.

संध्याकाळी मी दुसऱ्याच एका रुग्णासाठी कॅज्युअल्टीत उतरते, तर ती तिथेच. मे महिना आहे, युरॉलॉजीची गर्दी उन्हाबरोबर वाढते. घाम जास्त, पाणी कमी, लघवी दाट, आणि खडा असतोच कुठेतरी दबा धरून. पण समोरच्या स्ट्रेचरवरच्या आजोबांना खड्याचा त्रास नाही. सकाळपासून लघवी तुंबली आहे. पोट बेंबीपर्यंत ताठ झालं आहे, अंग घामाने भिजलं आहे. इंटर्नने नळी घालायचा प्रयत्न केला, रक्त आलं. तो बाजूला खाली मान घालून उभा आहे. ती त्याला एक शब्द बोलत नाही.

आजोबा तिच्याकडे बघतात आणि चादर घट्ट धरतात.

"बाई, कुणी डॉक्टर माणूस न्हाई का?"

ह्या शाखेत बाया थोड्या आहेत, तिला हा प्रश्न रोजचा आहे. मीच डॉक्टर आहे, असं ती म्हणत नाही.

"आहेत ना, बाबा. ऑपरेशनमध्ये आहेत, वेळ लागेल. तोवर मी नुसतं पोट बघू?"

पोटाला हरकत नसते. तिचा तळहात पोटावर टेकतो. ती विचारत राहते: कधीपासून धार बारीक झाली? कधी पडला होतात का? आजोबा सांगतात, ऐन तारुण्यात गोठ्याचं छप्पर शाकारताना आडव्या वाशावर पडले होते, दोन्हीकडे पाय सोडून. त्यानंतर कधी धड धार नाही. चाळीस वर्षांत ही गोष्ट त्यांनी कोणाला सांगितली नाही. घरच्यांनाही नाही. मग ते मान भिंतीकडे वळवून म्हणतात, "कर गं बाई, काय करायचं ते."

जेली सोडून ती थांबते. मग बारीक नळी घेते, अगदी हळू पुढे सरकवते. नळी अडते. इंटर्नला ती आपल्या बोटांवर बोट ठेवायला लावते. "लागलं हाताला? इथे थांबायचं. जोर लावायचा नाही. जोर लावला की नळी जाते, पण भलत्याच वाटेने जाते." ती नळी काढून घेते. सोनोग्राफीवर मूत्राशय बघते, बेंबीखाली भूल टोचते आणि पोटातूनच सरळ नळी आत घालते. पिशवी भरायला लागते. आजोबांच्या गळ्यातून जो आवाज निघतो, तो ऐकून पलीकडच्या स्ट्रेचरवरची बाईसुद्धा सुटकेने हसते. अकराशे मिली. वॉर्डबॉय मामा पिशवी रिकामी करून आकडा मोठ्याने सांगतात, सिस्टर लिहून घेतात.

"बाबा, हा रस्ता तात्पुरता. खरा रस्ता आपण नंतर नीट करू. तोंड उघडा बरं." गाल स्वच्छ आहेत. आजोबा तंबाखू खात नाहीत. ती माझ्याकडे बघते, आणि तिचा आनंद मास्कमागूनही कळतो.

रात्री पावणेअकराला माझा फोन वाजतो.

"मॅडम, टॉर्शन आहे. चौदा वर्षांचा मुलगा. पावणेपाच तास झालेत. मला आत्ता टेबल हवंय."

टेबलावर घ्यायला अपेंडिक्सचा रुग्ण तयार आहे. तो थांबू शकतो, हा नाही. अंडकोष आपल्याच दोरीभोवती पिळला की रक्त बंद होतं. सहा तासांच्या आत पीळ सोडवला तर बहुधा वाचतो, नंतर प्रत्येक तासाला आशा उतरते. मुलाने घरी "पोटात दुखतंय" एवढंच सांगितलं होतं. जवळच्या दवाखान्यात पोटाचंच इंजेक्शन मिळालं. आमच्याकडच्या पहिल्या कागदावरही पोटदुखीच लिहिली आहे. तिने वडिलांना बाहेर बसवलं, पडदा ओढला आणि त्याला विचारलं, तेव्हा दोन मिनिटांनी तो बोलला. डॉप्लरसाठी ती थांबलेली नाही.

मी त्याला भूल देते. तो जेवून आलेला आहे, त्यामुळे श्वासनलिकेत नळी झटपट बसवावी लागते. ती छेद घेते. बाहेर आलेला अंडकोष काळपट निळा. दोन पूर्ण पीळ. ती ते उलगडते, कोमट सलाइनमध्ये भिजवलेल्या गॉजमध्ये गुंडाळते आणि हात बाजूला घेते.

आता काही करायचं नाही. पहिल्या वर्षाचा रेसिडेंट गॉज उचलून बघायला जातो, ती मानेनेच नको म्हणते. मॉनिटरचा ठोका चालू आहे. त्या वेळात ती दुसरी बाजू उघडते, कारण जी ठेवण एका बाजूला असते ती बहुतेक दुसऱ्याही बाजूला असते. तोही अंडकोष तीन टाक्यांनी जागच्या जागी बांधते. मग गॉज सोडते. कडेने गुलाबी रंग चढतो आहे. आवरणावर ती सुईचं टोक लावते, लालभडक थेंब येतो.

"ठेवतोय," ती म्हणते. पहिल्या वर्षाचा पोरगा इतक्या जोरात श्वास सोडतो की सिस्टर त्याच्याकडे बघतात.

बाहेर वडील उभे आहेत. सगळं ऐकून झाल्यावर त्यांचा पहिला प्रश्न, "मला का नाही सांगितलं त्यानं?"

"आज विचारू नका, काका. फक्त त्याच्याजवळ बसा."

सकाळी आठला कामावर चढलेली ती दीड वाजता वॉर्डात जाते. दुपारच्या सोयाबीनवाल्या बाबांची नळी गुठळ्यांनी बंद झाली आहे. मोठ्या सिरिंजने पाणी आत, गुठळी बाहेर, पाणी आत, गुठळी बाहेर, पाणी फिकट गुलाबी होईपर्यंत. केंद्र सरकारच्या १९९२ च्या निवासी डॉक्टर योजनेत लिहिलं आहे की सलग काम साधारणपणे १२ तासांच्या आणि आठवड्याचं ४८ तासांच्या पुढे जाऊ नये. निवासी डॉक्टरांच्या ‘मार्ड’ ह्या संघटनेच्या निवेदनांत कामाच्या तासांचा विषय पुन्हा पुन्हा येतो. मी हे तळमळीने लिहिते आहे: ज्या हातांना जोर न लावण्याचं शिक्षण आपण एवढी वर्षं देतो, ते हात झोपेअभावी जड होऊ देणं हा रुग्णावरचाच अन्याय आहे. थकलेला हात व्हेरूच्या कडेला थांबेल याची खात्री कोण देणार?

सकाळचा राउंड संपतो. तिला अजून ओपीडी आहे. त्याआधीच्या दहा मिनिटांत ती रजिस्टर उघडून आजची नावं लावते. पहिला नंबर बंद. दुसरा नंबर लागतो.

"आजी, मी दवाखान्यातून बोलतेय. तुमची नळी काढायची तारीख झाली."

फोन स्पीकरवर आहे, मागे कोंबड्यांचा आवाज येतो.

"कसली नळी? खडा काढला ना तुम्ही?"

"खडा काढला, आजी. नळी आत आहे. ती काढावीच लागते. कापायचं नाही, टाके नाहीत, दुपारच्या गाडीने परत जाल."

"सोमवारी लग्न हाय पुतण्याचं."

"मग बुधवारी या. बरोबर कोण येईल?"

थोडा वेळ कोणी बोलत नाही. मग आजी कोणाला तरी हाक मारतात, आणि फोनवर एका तरुण मुलाचा आवाज येतो. ती त्याचा नंबर आजीच्या नावापुढे लिहून घेते, बुधवारची तारीख टाकते आणि तिसरा नंबर लावते.